पहारेकऱ्याचं नाव

सोहार बंदरात रात्रपाळीला
मी चाळीस मीटर उंच, काचेच्या खोक्यात बसतो.
खाली कंटेनर, कानात आवाज:
डावीकडे. अजून. थांब. सोड.
हात ऐकत राहतात,
आणि मी तेवढ्यात मांत्रिकाची गोष्ट रचतो.

मांत्रिकाचं नाव कृष्णकेतू, घोड्याचं वावटळ,
राणीला तर दोन नावं.
एकविसाव्या पानावर मांत्रिक शीळ घालतो,
वेशीवरचा पहारेकरी भारल्यासारखा उठतो,
कडी काढतो.
पहाटेपर्यंत शहराची राख.
पहारेकरीही मरतो, अर्ध्या ओळीत.

शौकत परकार, खेडचा, वेल्डर, माझ्या वरच्या बंकवर.
शुक्रवारी त्यानं वही वाचली, खजूर खात;
पानावर एक चिकट बोट उमटलं.
म्हणाला, ह्याच्या हाताला कळत होतं का रे
आपण काय उघडतोय?

मी म्हटलं, वशीकरण होतं. त्याचा काय दोष?
म्हणाला, दोषही काढून घेतलास,
मग त्याच्यापाशी राहिलं काय?

ट्रेलरवाला नासर बहल्याचा.
तो सांगतो, आमच्या बाजारात एक झाड होतं,
साखळीनं बांधलेलं,
रात्री जिन्न उचलून नेतील म्हणून.
सगळे हसले. शौकत तेवढा हसला नाही.
झाडाला कुणी विचारलं का, म्हणाला,
जायचंय की राहायचंय?
नासरनं चहाचा कप उपडा केला. त्याला माहीत नव्हतं.

मग मीच चूक केली.
शौकतला बरं वाटावं म्हणून बोललो:
तुझा तो एजंट, साखरेत घोळून बोलणारा,
सुपरवायझर करतो म्हणाला नि हातात गन दिली,
त्यानंही भुरळच घातली ना तुला?

शौकत उठून बसला. लोखंड करकरलं.
"नाही.
कागद मी दोनदा वाचला होता.
हमीदा नको म्हणत होती, तेही ऐकू येत होतं.
अंगात ताप नव्हता, डोकं ठिकाणावर होतं.
सही माझी. परकारातला शेवटचा र वाकडा गेला,
तो र पण माझा.
अकरा वर्षांत एवढं एकच मी आपल्या मनानं केलं,
आणि ते चुकलं.
तेवढं त्या मांत्रिकाला देऊन टाकू नकोस."

त्या रात्री कानात आवाज आला: सोड.
मी सोडलं नाही.
वीस टन हवेत लोंबकळत राहिले,
खाली पिवळी टोपी वर बघू लागली.
दोन सेकंद, फार तर तीन.
मग ठरलेल्या जागी, ठरल्यासारखं उतरवलं.
काय झालं? विचारलं त्यांनी.
वारा, म्हटलं.
वारा नव्हता.
ते तीन सेकंद माझे होते
की शौकतनं कानात ठेवलेले,
हे अजून मला नीट सांगता येत नाही.

आमच्याकडे चकवा लागला
की माणूस सदरा उलटा करून घालतो,
तीच वाट मग वेगळी दिसते म्हणे.
मी एकविसावं पान उलटं करून पाहिलं.
मग पहारेकऱ्याला नाव दिलं: येसा.
पायात काटा मोडलेला,
शिदोरीत सकाळची अर्धी भाकरी.

शीळ वाजली. येसा उठला.
हात कडीवर गेला
आणि तिथंच राहिला.

आता पंचाईत अशी,
की शहर जळायलाच हवं,
नाहीतर पुढची साठ पानं फुकट.
शीळ मांत्रिक कुठे घालतोय,
पेन तर माझ्याच तोंडाशी आहे.

"उघडली का त्यानं?" वरून शौकत.
नाही अजून.
"घाई करू नकोस त्याला,"
तो कूस बदलत म्हणाला,
"आणि दिवा घालव.
माझी बस चारला आहे."